पाव फेरा

एकतीस वर्षं मी पाण्याची चावी फिरवली.
माझगाव, डॉकयार्ड, घोडपदेव.
पहाटे पावणेचारला झाकण उचलायचं,
लोखंडी दांडा आत सोडायचा
आणि जमिनीखालचं ऐकत फिरवायचं.
पहिल्याच दिवशी धाकू मुकादमानं दम भरलेला:
घाई केलीस तर पाण्याचा हातोडा होतो,
लाइन फुटते.
पाव फेरा. थांब. पुन्हा पाव.

आणि रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी
एका मंगळवारी उजव्या कुशीवर वळलो
तर पंखा भिंतीवर उतरला,
भिंत कपाटामागे पळाली.
गादीची कड मुठीत घेऊन ओरडलो,
शालन, लाइट लाव!
लाइट चालूच होता.

सगळ्यांनी सगळं सांगितलं.
पित्त. बीपी. मान. नजर.
पाटणकरवहिनींनी मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या,
अख्खा मजला खोकला.

डॉक्टर रुबीना पांगारकर, असेल तिशीची,
म्हणाली, काका, कानातले खडे सुटलेत.
बारीक, चुन्याचे. जागा सोडून नळीत गेलेत.
मला हसू आलं.
नळीत चुना साचतो, हे तू मला सांगतेस, पोरी?

तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं,
उजवीकडे वळवून मागे टाकलं.
खोली सुटली. डोळे आपोआप धावू लागले
मीटरच्या चाकासारखे.
ती थांबली, मोजत.
मग डावीकडे पाव फेरा. थांबली.
मग खांद्यासकट कुशीवर, नाक जमिनीकडे. थांबली.
मग उठवलं, हनुवटी छातीशी.
मनात म्हटलं,
हिला कुणीतरी नीट काम शिकवलंय.

चक्कर गेली. लोकांना वाटतं, झालं.
चावी सोडली म्हणून लगेच
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं का?
आधी नळ नुसती हवा खोकतो,
मग गढूळ, मग करंगळीएवढी धार.
माझे पाय तसे होते.

गॅलरीत रोज, अंगठ्याला टाच लावून,
बावीस लाद्या जायचं, बावीस यायचं,
कठड्याला फक्त एक बोट.
चौदावी लादी पोकळ आहे.
इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं,
आता तळव्याला कळलं.
ग्लेन परेरा दारातून विचारायचा,
काय अंकल, हवालदारानं पकडलं काय?

वर बघायचं नव्हतं. फडताळातला डबा शालन काढायची.
रस्ता ओलांडताना ती माझी बाही
चिमटीत धरायची. हात नाही.
लोक बघतात, मला आवडणार नाही, म्हणून.

सोळाव्या दिवशी टेकडीवरच्या बागेत गेलो.
पायऱ्या मोजल्या नाहीत, मुद्दाम.
वर गवत, खाली पाण्याची टाकी,
तिथे फेऱ्या मारणाऱ्या कितींना ठाऊक असेल?
मला तिची पातळी एके काळी तोंडपाठ होती.
चपला काढून उभा राहिलो.
पायाखाली एवढं पाणी, काळोखात, सपाट,
आणि वर मी, जरासा डावीकडे कललेला.
धरायला कुणी असेल तर डोळे मिटून बघा,
डॉक्टर म्हणाली होती.
शालन होती. मिटले.
सहा आकडे टिकलो. सातव्याला बाही ताणली गेली.

काल रात्रीचं सांगतो.
महिनाभर मी डाव्या कुशीवर झोपत होतो,
म्हणजे शालनकडे पाठ करून.
ती त्यावर काही बोलली नव्हती.
दिवा मालवला. आधी डोकं. थांबलो.
मग खांदा. थांबलो.
मग बाकीचा देह, गंजलेल्या चावीसारखा कुरकुरत.
खिडकीतला उजेड एकदा हलला, अर्धी वीत,
आणि परत जागेवर आला.

ती जागीच होती.
फिरतंय?
थोडं.
मग माझ्या चमकीकडे बघा, म्हणाली,
ती काही हलत नाही.